दाजींच्या बुटांबाबत सविस्तर खुलासा

खरवई, बदलापूर
रविवार, दि. २ डिसेंबर २००७

आदरणीय दाजी श्री. शंकरराव अहिरे यांस बबन मिस्त्रीचा सविनय जय भीम.

आपला गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा आपण बांधत नाही, असे गयाअक्काकडून समजते. अक्काची साखर या वेळी किती आली तेही कळवावे. ‘बरी आहे’ असे कळवू नये, आकडा कळवावा. आमच्याकडे सौ. माया बरी आहे, बिल्डिंगची पाण्याची मोटर बरी आहे (मीच दुरुस्त केली) आणि माझी स्वतःची प्रकृती उत्तम आहे, उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये कोणी काहीही सांगत असले तरी.

आपला चिरंजीव प्रमोद या आठवड्यात बुटांची चौकशी करायला तीनदा येऊन गेला. मंगळवारी मी अंघोळीला होतो, गुरुवारी मी अंघोळीला होतो आणि शनिवारी तो अंघोळीची वेळ टाळून आला, म्हणून हे पत्र. खरवईहून बदलापूर गावात पत्र कशाला, समक्ष का येत नाही, असे आपण म्हणाल. समक्ष आपण मला वाक्य पुरे करू देत नाही, आणि फोन मध्येच बंद करता येतो. रजिस्टर पत्रावर मात्र सही करून घ्यावी लागते, आणि सही केलेला कागद आपण पूर्ण वाचता हे मला ठाऊक आहे. अंबरनाथच्या फॅक्टरीत स्टोअर्समध्ये तेहतीस वर्षे काढलेला माणूस आहात. जहाजाच्या सफरीसाठी मला बूट देतानासुद्धा आपण चिठ्ठी केली होती: ‘बूट, काळे, चामडी, जोड १, माप ९, लेससह, न वापरलेले’, आणि खाली माझी सही. मी त्याचा राग मानला नाही. उलट ‘लेससह’ हा शब्द मला फार आवडला.

ते बूट पायलने आपल्या पहिल्या पगारातून तुमच्यासाठी घेतले, आणि सोळा तारखेला तिच्या लग्नात ते पप्पांच्या पायांत दिसले पाहिजेत अशी तिची इच्छा आहे, हे मी विसरलेलो नाही. तिचा मामाच आहे मी. त्या जागी दुसरे बूट चालणार नाहीत हेही मला समजते. बुटांविषयी मी या पत्रात सर्व लिहिणार आहे, पण क्रमाने. मशीन उघडताना पहिला स्क्रू सोडून तिसरा काढला की काय होते, ते मी एकोणीसशे एक्क्याऐंशी सालापासून पाहत आलो आहे.

तर पहिला स्क्रू. जयदेवशेठ (कॅम्प पाचमध्ये ज्यांचे शिलाई मशीनचे दुकान आहे ते) यांना कंपनीकडून जपानच्या जहाजाची दोन तिकिटे मिळाली, ती वर्षभरात सर्वांत जास्त जपानी मशीन विकल्याबद्दल. पण ती मशीन जीन्सच्या कारखानेवाल्यांनी का घेतली? बिघडले तर बबन मिस्त्री येईल, या एका भरवशावर. शेठच्या पत्नी चिमीभाभींना तलावातल्या होडीतसुद्धा उलटी होते, म्हणून दुसरे तिकीट माझ्याकडे आले असे शेठ सगळ्यांना सांगतात. ते खरे असेल. पण चिमीभाभींना उलटी झाली नसती तरी ते तिकीट न्यायाने माझेच होते, एवढे मला नोंदवायचे आहे.

जहाजावर दहा मजले, आणि प्रत्येक मजल्यावर खाणे. त्याचे वर्णन करत नाही, कारण अक्का पत्र वाचणार आणि साखर वाढणार. आमच्या ग्रुपला भूपेश नावाचा टूर मॅनेजर दिला होता. वय सव्वीस. हातात पिवळा झेंडा, गळ्यात शिट्टी. हा मुलगा आम्हा बेचाळीस प्रौढ माणसांना मोजायचा, चढताना एकदा आणि उतरताना एकदा, आणि मोजताना डोक्याला बोट लावायचा. मंगळवार दि. २० नोव्हेंबरला सकाळी आठ वाजता जहाज नागासाकीला लागले. कार्यक्रम असा होता: बसने एक बाग, बसने एक मॉल, मॉलमध्ये शाकाहारी जेवण, आणि पुन्हा तोच मॉल. मी विचारले, विहार कुठे आहे? भूपेश म्हणाला, “अंकल, टेम्पल आयटनरी में नहीं है.”

दाजी, तुम्हीच सांगा. छप्पन सालच्या दीक्षेला माझे वडील कल्याणहून नागपूरला जाऊन आले. त्यांचा मुलगा बुद्धाला मानणाऱ्या देशात जाऊन पोहोचतो, आणि त्याने मॉलमध्ये दोनदा फिरायचे? मी तिथेच जाहीर केले की मी स्वतंत्रपणे शहर पाहणार आहे. जयदेवशेठ म्हणाले, “बबन, साईं, तू मशीन का डॉक्टर है, जपान का नहीं. गुम हो जाएगा.” मी म्हणालो, शेठ, जपान्यांची मशीन मी सव्वीस वर्षे उघडतो आहे, आता त्यांचे गाव उघडून बघतो. (हे वाक्य मी आधी जुळवले नव्हते. आपोआप आले.) भूपेशने माझ्याकडून लिहून घेतले की साडेपाचच्या आत जहाजावर परत न आल्यास जबाबदारी माझी, आणि सहा वाजता जहाज सुटेल. मी सही केली. आयुष्यात मी ज्या दोन कागदांवर बेधडक सही केली त्यातला हा एक. दुसरा तुमच्याकडे आहे.

आता भाषेचा प्रश्न. मी सातवी पास आहे, ते मी लपवत नाही. पण मशीनबरोबर येणारी जपानी पुस्तिका कोणी वाचत नव्हते तेव्हा मी ती चित्रांशी अक्षरे ताडून वाचली. आज मला एकेचाळीस जपानी अक्षरे येतात: सुई, दोरा, तेल, वर, खाली, थांबा, धोका वगैरे. इतक्या सामग्रीवर मी शहरात उतरलो, आणि सांगायला आनंद वाटतो की मला पदोपदी वाचता येत होते. पेट्रोल पंपावर ‘तेल’. खोदलेल्या रस्त्यावर ‘धोका’. चौकात ‘थांबा’. जयदेवशेठ तीन दिवसांत एक अक्षर वाचू शकले नव्हते. तिथे रस्त्यावरून ट्राम चालते. तिच्यात मागून चढायचे, पुढून उतरायचे आणि भाडे उतरताना द्यायचे. मी पुढून चढलो आणि चढतानाच पैसे देऊ लागलो, त्यामुळे ड्रायव्हरने गाडी थांबवून, उठून, टोपी काढून मला वाकून काहीतरी सांगितले. याला कॅम्प पाचमध्ये ‘ट्राममधून उतरवले’ असे म्हणतात. उतरवले हे खरे, पण मागच्या दाराने परत चढवण्यासाठी. आणि वाकून.

डोंगराच्या पायथ्याशी एका गल्लीत ओळीने विहार आहेत. मी त्यातला सर्वांत लहान निवडला, कारण मोठ्यात तिकीट होते. आत कोणी नव्हते. बूट काढले, दाराशी नीट ठेवले (तुमचे बूट, एक ओरखडा नाही, मला एक नंबर मोठे म्हणून टाचेत कापूस घातला होता, तेवढाच), बसलो, आणि त्रिसरण-पंचशील म्हटले. मोठ्याने म्हटले, घरी म्हणतो तसे. आतून एक म्हातारे भिक्खू बाहेर आले, माझ्या शेजारी बसले, आणि माझे संपल्यावर त्यांनी त्यांचे म्हटले. मला त्यांचे एक अक्षर कळले नाही, त्यांना माझे कळले असावे. मग ते उठून आत गेले. इथे थट्टा करण्यासारखे काही घडले नाही, म्हणून कॅम्प पाचमध्ये हा भाग कोणी सांगत नाही. मी तुम्हाला सांगतो आहे.

तेव्हा दुपारचे एक वाजून पन्नास मिनिटे झाली होती. याच वेळी मी ट्राम पकडून परत निघालो असतो तर हे पत्र एवढे लांबले नसते. पण विहाराच्या मागच्या चढावरून उतरताना एका घरातून मशीनचा आवाज आला, आणि तो बरोबर नव्हता.

दाजी, तुम्हाला हे समजणार नाही, पण अक्काला विचारा. वाटेत कोणाच्या घरात तान्हे मूल चुकीच्या सुरात रडत असेल तर ती पुढे जाऊ शकते का? ठक्-ठक्-ठुक्, ठक्-ठक्-ठुक्. खालून दोरा उचलणारा हूक सुईला क्षणभर उशिरा भेटत होता. रस्त्यावर उभ्या उभ्या मी ओळखले. दार उघडे होते. आत पंचाहत्तरीच्या आसपासच्या एक आजी शाळेच्या गणवेशाची पँट आखूड करत होत्या, आणि मशीन तेच होते, ज्याच्यावर मी एक्क्याऐंशीत कॅम्प पाचमध्ये वर्तमानपत्र पसरून हात बसवला. तोच हिरवट रंग, तेच चाक. मी नमस्कार केला, मशीनकडे बोट दाखवले, कानाला हात लावला आणि मान नकारार्थी हलवली. आजी घाबरल्या. मग मी खिशातून कागद काढून ‘सुई’ लिहिले, ‘उशीर’ येत नव्हते म्हणून ‘थांबा’ लिहिले, आणि शर्टाच्या खिशातला माझा स्क्रूड्रायव्हर दाखवला. आजी आणखी घाबरल्या. शेवटी मी बाहेरूनच तोंडाने त्यांच्या मशीनचा आवाज काढून दाखवला, आधी चुकीचा, मग बरोबर. तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला, आणि मला आत घेतले.

तिथे घरात शिरण्याची पद्धत अशी. उंबऱ्याच्या खाली बूट काढायचे आणि वर चढून घरातल्या स्लीपर घालायच्या. माझे बूट (तुमचे) आजींनी स्वतः उचलून, तोंड दाराकडे करून ठेवले, म्हणजे जाताना पाय सरळ आत जावेत. अशी शिस्त. त्या क्षणापर्यंत तुमचे बूट जगातल्या सर्वांत सुरक्षित जागी होते, आणि माझ्या मते अजूनही आहेत.

काम करताना मी घड्याळ काढून खिशात ठेवतो. फिरत्या पट्ट्यात मनगट अडकलेली तीन माणसे मी उल्हासनगरात पाहिली आहेत, त्यामुळे या सवयीबद्दल मी कोणाची माफी मागणार नाही. मशीन पूर्ण उघडले. हूक सरकवला, साफ केला, तेल दिले. आजी दिवा धरून उभ्या होत्या. मध्ये हिरवा चहा आला, कडू, साखर नाही (अक्काला सांगा). मग एक गोड वाटाण्याच्या पिठासारखे काहीतरी आले. मशीन सुरू केले तेव्हा असा आवाज आला की आजींनी डोळे मिटून ऐकला. मी हाताने विचारले, ठीक? त्यांनी हाताने सांगितले, फार. सव्वीस वर्षांत जीन्सच्या एकाही कारखानेवाल्याने माझे काम डोळे मिटून ऐकलेले नाही. त्यांना फक्त पँटी दिसतात. मी आनंदाच्या भरात सहा महिन्यांची हमी देऊन टाकली आणि कागदावर इंग्रजीत पत्ता लिहून दिला.

चहामुळे मला थोडे आत जावे लागले. संडासाच्या दारात आणखी एक स्लीपरांचा जोड ठेवला होता. मी घरातला जोड बाहेर काढला, तो घातला आणि आत गेलो, म्हणजे इथपर्यंत माझे काहीही चुकलेले नाही. पण आपल्याकडे माणूस आत जाताना पायांचा विचार करतो, बाहेर येताना करत नाही. बाहेर आलो तेव्हा आजी माझ्या पायांकडे बघून तोंडावर हात ठेवून थरथरत होत्या. मला वाटले, मशीनसाठी त्यांचे मन भरून आले आहे. मीही गहिवरलो. आणि त्याच वेळी बंदरावरून जहाजाचा भोंगा वाजला.

खिशातून घड्याळ काढले. पाच वाजून चार मिनिटे.

पुढचे मी थोडक्यात लिहितो. मी पळालो. आजी मागून हाका मारत होत्या, त्या मी निरोपाच्या समजलो. उतारावर पायऱ्या, पायऱ्यांखाली गल्ल्या, आणि गल्ल्यांमध्ये ‘तेल’ही नाही, ‘धोका’ही नाही, म्हणजे वाचण्यासारखे काहीच नाही. (तो भोंगा आमच्या जहाजाचा नव्हताच, कुठल्या तरी मालवाहू बोटीचा होता. पण भोंग्यावर नाव लिहिलेले नसते.) दिवे लागले होते. शेवटी एका चौकात मी काही सरकारी माणसांना जहाजाच्या कार्डावरचे चित्र दाखवले आणि त्यांनी अत्यंत आदराने मला एका सरकारी वाहनातून धक्क्यावर पोहोचवले. पाच वाजून सत्तावीस मिनिटे. तीन मिनिटे हातात ठेवून. भूपेश शिडीपाशी झेंडा घेऊन उभा होता आणि रडायच्या बेतात होता. मी त्याला म्हणालो, मोज. आणि त्याने माझ्या डोक्याला बोट लावून मोजले, बेचाळीस.

आता हिशेब करा, दाजी. जयदेवशेठनी मॉल पाहिला, तोही दोनदा, आणि तिथून त्यांनी जे मोजे आणले त्यावर ‘मेड इन चायना’ आहे. मी विहार पाहिला, ट्राम पाहिली, एका माणसाचे घर आतून पाहिले आणि एक मशीन नीट करून आलो. हरवला कोण? ज्या गावात माझा एकही माणूस नव्हता तिथे आज एक मशीन माझ्या हाताने चालते आहे. मी पुन्हा गेलो तर पुन्हा असाच एकटा जाईन, पुन्हा त्या आवाजाला थांबेन, आणि कॅम्प पाचने पुन्हा काय हसायचे ते हसावे.

अक्काला जय भीम. लग्नाच्या मांडवाचे आणि स्पीकरचे काम माझ्याकडे द्यावे, बाहेरचा इलेक्ट्रिशियन बोलावू नये. चि. पायलला आशीर्वाद.

आपला मेहुणा,
बबन खरात (मिस्त्री)

ता. क. १: बुटांविषयी लिहायचे राहिले. ते नागासाकीत आहेत. पण घाबरण्याचे कारण नाही. दुसऱ्या दिवशी जहाजावर फॅक्स आला की आजींनी बूट पोलिसांकडे नेऊन दिले असून ते कागदावरील पत्त्यावर पाठवण्यात येत आहेत. (हा फॅक्स भूपेशने नाश्त्याच्या वेळी माइकवर वाचला. बोभाटा तिथून झाला.) विमानाने पाठवले असतील तर बारा तारखेपर्यंत येतील. बोटीने पाठवले असतील तर फेब्रुवारीत. फॅक्समध्ये तेवढेच लिहिलेले नव्हते.

ता. क. २: कागदावरील पत्ता तुमचा आहे. आमच्या बिल्डिंगला अजून नंबर मिळालेला नाही आणि पोस्टमन खरवईत वर चढत नाही. तरी कृपा करून रोज अकरा वाजता पोस्टात विचारणा करावी, गुडघ्याला पट्टा बांधून. बूट आल्यास चिठ्ठीवर ‘परत’ असे लिहून ती फाडावी. पार्सलमध्ये त्या सरकारी माणसांनी काढलेला माझा फोटो निघाल्यास तो अक्काला दाखवू नये, प्रमोदला तर मुळीच नाही. सरकारी वाहन म्हणजे पोलिसांची गाडी. मात्र मी पुढच्या सीटवर बसलो होतो, हे फोटोत स्पष्ट दिसेल.

ता. क. ३: मी पळालो तो संडासातल्या स्लीपरांवर, हे आतापर्यंत आपल्या लक्षात आले असेल. माझ्या ते लक्षात आले त्या रात्री कॅप्टनच्या जेवणाच्या वेळी. जोड दुसरा नव्हता, म्हणून सुटावर तोच घालून मी कॅप्टनशी हात मिळवला. शेजारच्या टेबलावरच्या एका जपानी बाईंना ठसका लागला आणि त्यांनी वेटरकरवी मला कळवले की दोन्ही पायांवर मोठ्या अक्षरांत काय लिहिले आहे. ती अक्षरे माझ्या एकेचाळीसमध्ये नव्हती. शिलाई मशीनला संडास नसतो, त्याला मी काय करणार? आता बेचाळीस झाली.

ता. क. ४: हे सर्व मी पायलला परवाच सांगितले. तुमच्या आधी तिला सांगणे मला योग्य वाटले, बूट तिचे होते. तिने स्लीपर आणायला लावल्या, हातात धरून पाहिल्या आणि भिंतीला टेकून हसली. म्हणाली, “मामा, पप्पांना तुम्हीच सांगायचं. आणि बूट नाही ना आले, तर तुम्ही ह्याच घालून स्टेजवर माझ्या मागे उभं राहायचं. अख्खं लग्न. मग माफ.” मी मान्य केले आहे. तेव्हा माझी खरी विनंती एवढीच की त्या दिवशी आपण माझ्या पायांकडे बघू नये आणि नवऱ्याकडच्यांना काही सांगू नये. त्यांच्यापैकी कोणाला कळण्याची भीती नाही. ती अक्षरे वाचता येणारा माणूस बदलापुरात एकच आहे, आणि तो त्या स्लीपरांमध्येच ताठ उभा असेल.